साकीनाक्याचा गाळा आणि रोटरी इंजिनाचा ड्राइव्ह: जॉबवर्कचा रिव्ह्यू

रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते खाली सांगतो, पण आधी हे सांगतो की मुंबईत विमानाच्या ड्राइव्हचं, म्हणजे इंजिन आणि प्रोपेलरच्या मधल्या जोडणीचं, मशीनिंग कुणाकडून करून घ्यायचं असेल तर मी परत इथेच जाईन. साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत हा गाळा आहे, बाहेर बोर्ड नाही, सगळी कामं ओळखीने येतात आणि मालक काकांनी नाव-नंबर कुठे टाकू नको असं बजावलंय, म्हणून ते देत नाही. पण असं काम कुणाला देताना काय बघायचं हे यातून कळेल म्हणून सविस्तर लिहितोय.

काम माझ्या मामेभावाचं. दादा ओहायोला असतो, तिथे एक्सपेरिमेंटल कॅटेगरीत (घरी बांधलेली विमानं याच वर्गात नोंदवतात) दोन सीटचं विमान त्याने स्वतः बांधलंय, त्यात माझ्दाचं १३बी रोटरी होतं, १९८० च्या दशकातलं. ते काढून आता माझ्दाच्याच आरएक्स-८ गाडीतलं रेनेसिस हे नवीन रोटरी इंजिन बसवायचं आणि त्याबरोबर मधला सगळा ड्राइव्ह नीट करायचा असं ठरलं. तिकडे त्याच्या जवळपासच्या शॉपवाल्यांनी विमानाचं नाव ऐकताच हात वर केले, उद्या काही झालं तर कोर्टकचेऱ्या कोण करणार म्हणून. मी टूलरूममध्येच काम करतो त्यामुळे तो सुट्टीवर आला तेव्हा ड्रॉइंग आणि पार्टचं खोकं घेऊनच आला.

ज्यांना रोटरी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिस्टनच्या जागी फिरणारे तिकोनी रोटर असतात, यात दोन, एकेक ६५४ सीसीचा, मिळून १३०८ सीसी. इंजिन छोटं आणि पिस्टन-व्हॉल्व्ह काही नाही, पण पॉवर हवी तर आरपीएम चढवावे लागतात. ७६ इंची प्रोपेलर जर थेट ७५०० आरपीएमने फिरवला तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ७५८ मीटर होतो, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून जास्त, तिथे प्रोपेलर नुसता आवाज करतो, ओढत नाही. म्हणून मध्ये आरपीएम कमी करणारा २.८५ ला १ चा प्लॅनेटरी गिअरबॉक्स, मग तेच टोक २६६ मीटरवर येतं. इंजिन बदलणं म्हणजे माउंट, वायरिंग, रेडिएटर, ऑइल कूलर, त्यात मेहनत भरपूर आहे पण चूक दिसते तरी. इंजिन आणि प्रोपेलरच्या मधल्या त्या वीतभर जागेतली चूक दिसत नाही, ती हवेत गेल्यावर कळते. तिथे फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या शाफ्टवरची पातळ चकती), डॅम्पर (मऊ बुशांनी धक्के पचवणारा जोड), गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, अडॅप्टर प्लेट (इंजिनाला गिअरबॉक्स जोडणारी) हे सगळं एका सेंटरवर बसलं पाहिजे, आणि डॅम्परचे बुश इतके मऊ हवेत की इंजिन आणि प्रोपेलर एकमेकांविरुद्ध पिळवटून थरथरतात तो रेझोनन्स आयडलच्या, म्हणजे इंजिन नुसतं चालू असतानाच्या आरपीएमच्या, खालीच राहील.

आता गाळ्याबद्दल. मी गेलो तेव्हा पहिला प्रश्न रेटचा नव्हता, "हे फिरणार किती, आणि पलीकडे काय लागणार?" हा होता. विमान म्हटल्यावर फोरमनचा चेहराच खुलला, २०१६ ला बीकेसीला मेक इन इंडिया प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादवांचं कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान ठेवलं होतं ते बघायला तो खास गेला होता म्हणे. पण नुसता उत्साह नाही, माणूस बारीक आहे.

खोक्यात बॅलन्सिंगसाठी फ्लेक्सप्लेट, डॅम्पर प्लेट आणि जुन्या इंजिनाचा मागचा काउंटरवेट (तोल साधायला शाफ्टवर बसवलेलं एका बाजूला जड वजन) असं सगळं एकत्र होतं आणि चलानवर मोघम "फिरते पार्ट बॅलन्स करणे" एवढंच. काउंटरवेट रोलरवर ठेवला की जड बाजू धपकन खाली जाते, जाणारच. कुठल्याही घाईतल्या शॉपने काय केलं असतं तर जड बाजूला ड्रिल मारमारून तो जागेवर थांबेल असा करून दिला असता, वर रिपोर्टही छान दिला असता. यांनी मशीनवर घेतलाच नाही, फोन केला, "साहेब हा जडपणा कुणीतरी मुद्दाम ठेवलाय, समोर याला तोलणारं काय आहे ते सांगा, मगच हात लावतो." बरोबर तेच आहे. दोन रोटर एकमेकांच्या १८० अंशात असतात त्यामुळे वजन तोललं जातं पण शाफ्टला पुढे-मागे डोलवणारा झोल उरतो, तो मारायला पुढे एक आणि मागे एक असे काउंटरवेट असतात. आणि माझ्दाने वर्षागणिक रोटरची वजनं बदललीत, रेनेसिसचे तर जुन्यापेक्षा हलके, म्हणजे जुना काउंटरवेट नव्या इंजिनाला चालतच नाही. दादाने मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्या आरएक्स-८ चा सुटा काउंटरवेट मागवला, तो शाफ्टच्या निमुळत्या टोकावर (टेपरवर) खाचेतल्या चावीने (की) बसतो आणि वरचा ५४ एमएमचा नट साधारण ४०० ते ४९० न्यूटन मीटरला आवळतात. गाळ्याने फक्त फ्लेक्सप्लेट आणि डॅम्पर प्लेट बॅलन्स केली, कारण ती दोन्ही स्वतःपुरती बॅलन्स असायला हवीत. ज्याला रोटरी इंजिन कधी बघायलाही मिळालं नाही त्या माणसाने नुसतं वजन हातात घेऊन हे ओळखलं, याची मला खरंच कमाल वाटते.

अडॅप्टर प्लेटचंही तसंच. जुनी प्लेट डॉवेलच्या (जागा पक्की ठेवणाऱ्या पिनांच्या) भोकात ढिली झाली होती म्हणून नवी करायची होती. मटेरियल एचई-३०, म्हणजे ६०८२ अ‍ॅल्युमिनियम, इथे सहज मिळतं. मधला बोअर त्यांनी व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) एका सेटिंगमध्ये मारला, समोरासमोरचे फेस पॅरलल, सरफेस टेबलवर डायल (बारीक फरक मोजणारं काट्याचं गेज) फिरवून मला दाखवलं. पण डॉवेलची भोकं फायनल करायला साफ नकार. म्हणाले, ड्रॉइंगवरचं सेंटर आणि खऱ्या इंजिनाचं सेंटर यात फरक असतोच, भोकं आम्ही अंडरसाइज ठेवतो, तिकडे शाफ्टवर डायल लावा, प्लेट हलवून बोअर सेंटरला आणा, बोल्ट आवळा आणि मग रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) मारा. बरोबर एक हार्डन केलेला गाइड बुशही करून दिला म्हणजे रीमर तिरका जाणार नाही. दादाने तसंच केलं आणि रीडिंग पूर्ण फेरीत ५ थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बरंच आत आलं, गाड्यांच्या बेलहाउसिंगला (इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या घराला) साधारण ५ थाउची लिमिट धरतात.

न सांगता केलेल्या गोष्टी पण आहेत. जिथे जिथे अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे होते तिथे हेलिकॉइल (आटे झिजू नयेत म्हणून आत बसवायची स्टीलच्या तारेची गुंडाळी) टाकले. हार्ड अ‍ॅनोडाइझला (अ‍ॅल्युमिनियमवर कडक थर चढवायला) प्लेट बाहेर पाठवताना बोअर मास्क करून पाठवला, कारण ५० मायक्रॉनचा थर दिला की त्यातला निम्मा पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो आणि फिट बसवलेला बोअर टाइट होऊन बसतो. प्रत्येक कोपऱ्याला नीट रेडियस, कुठे टूलचा चरा नाही. क्रॅक तिथूनच सुरू होते हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

आता तो कापलेला स्टार. एक, तारीख पाळत नाहीत. "परवा या" हे मी इतक्यांदा ऐकलं की दादाचं परतीचं तिकीट पुढे ढकलावं लागलं. फोन उचलतात पण खरं सांगत नाहीत की दुसरं अर्जंट काम मशीनवर चढलंय, हे मला खूप लागलं कारण सांगितलं असतं तर आम्ही थांबलोच असतो. दोन, कागद. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट मागितल्याशिवाय मिळत नाही, विमानाच्या कामात बिल्डरच्या लॉगमध्ये ते लागतं, तेव्हा ऑर्डर देतानाच हीट नंबरसकट (धातू कुठल्या घाणीतला ते सांगणारा नंबर) लिहून घ्या. बॅलन्सिंगचा प्रिंटआउट पण तसाच. तीन, पॅकिंग अगदीच साधं, इनपुट शाफ्ट पेपरात गुंडाळून दिला, पावसाळ्यात मुंबईच्या हवेत रात्रीत गंज धरतो, मी घरी आणून ग्रीस लावून परत पॅक केला.

बेअरिंग मात्र त्यांच्याकडून घेऊ नका असं तेच म्हणाले आणि मला नागदेवीला पाठवलं. मशीद स्टेशनला उतरून चालत जायचं, रविवारी बंद. तिथे एका दुकानाने मला नामांकित ब्रँडच्या खोक्यात जे बेअरिंग दाखवलं त्यावरचा शिक्का पुसट होता आणि भाव जरा जास्तच गोड. मी घेतलं नाही. अधिकृत डीलरकडून जीएसटी बिलावर घ्या, कंपनीच्या अ‍ॅपवर फोटो टाकून खात्री करा, या जागी नकली बेअरिंग म्हणजे जिवाशी खेळ.

रेट खैरानी रोडच्या इतर गाळ्यांच्या दीडपट पडला. मला तो महाग वाटला नाही, कारण पैसे मशीनच्या तासाचे कमी आणि मोजण्याचे जास्त होते. साधे ब्रॅकेट, स्पेसर, पाइपचे क्लँप असलं काम असेल तर इथे येऊ नका, उगाच जास्त मोजाल आणि वाट बघाल. फिरणारं, लोड घेणारं, सेंटर लागणारं काम असेल तर या, येताना ड्रॉइंगबरोबर तो पार्ट कशाला जोडला जातो त्याचे फोटो आणा, ते बघितल्याशिवाय काका भाव सांगतच नाहीत.

तिकडे इंजिन जमिनीवर सुरू झालंय, आयडलला गिअरची थोडी खडखड येते, जरा वर गेलं की बंद. इंजिन बदल हा मोठा बदल धरला जातो, त्यामुळे निदान ५ तास ठरलेल्या भागात एकट्याने टेस्ट फ्लाइंग केल्याशिवाय पॅसेंजर घेता येत नाही. त्यानंतर ड्राइव्ह खोलून डॅम्परचे बुश आणि स्प्लाइन (शाफ्टवरचे जोडणीचे दाते) तपासायचे ठरलंय, बुश जास्त मऊ निघाले तर नवे ओतायला लागणारा मोल्ड याच गाळ्यात करायला देणार आहोत, यावेळी तारीख कागदावर लिहून घेऊन.