एक टर्म की दोन? पोटोमॅकच्या दोन्ही काठांवरून

गव्हर्नरला, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाला, लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहू न देणारं अमेरिकेतलं एकमेव राज्य म्हणजे व्हर्जिनिया. पोटोमॅक नदी ओलांडली की मेरीलँडमध्ये सलग दोन टर्म चालतात. मी नऊ वर्षं व्हर्जिनियात काढली, आता मेरीलँडमध्ये राहतो. त्यामुळे नव्याने मतदार झालेले मित्र विचारतात, काय बरं?

व्हर्जिनियात खुर्चीला चिकटायची सोय नाही, हे चांगलंच. पुढच्या निवडणुकीची चिंता नसल्याने माणूस मोकळेपणी निर्णय घेतो म्हणतात, थोडंफार खरंही असेल. पण वॉर्नर आणि केन दोघेही गव्हर्नरपदानंतर सिनेटवर गेले. चिंता असतेच, फक्त दुसऱ्या खुर्चीची.

मला खुपलं ते वेगळंच. तिथल्या एका सरकारी खात्यासाठी मी कंत्राटावर सॉफ्टवेअरचं काम करायचो. दोन वर्षांचं बजेट मावळता गव्हर्नर डिसेंबरात मांडतो, नवा येतो जानेवारीत. म्हणजे दुसऱ्याने वाढलेल्या ताटात मीठ-लिंबू कमीजास्त करायचं. स्वतःचं पूर्ण बजेट सुरू होईतो तिसरं वर्ष उजाडतं, आणि चौथ्यात साहेबलोक रेझ्युमे झटकायला घेतात. मीटिंगमध्ये ‘हे नव्या टीमवर सोडू या’ ऐकू आलं की समजायचं, फाइल झोपली. नवी टीम आली आणि तिने फॉर्मच्या रंगापासून सगळं बदलायला लावलं. तेच काम आम्ही दोनदा केलं. पैसेही दोनदा घेतले, कबूल.

मेरीलँडमध्ये गव्हर्नर होगन 2015 ते 2023 अशी आठ वर्षं होते. सगळंच पटलं असं नाही, पण सुरू केलेलं काम संपवायला तेच जागेवर होते. अर्थात ही मर्यादा गव्हर्नरपुरतीच. इथले कंट्रोलर (राज्याचे कर आणि हिशेब पाहणारे) लुई गोल्डस्टीन 1959 पासून 1998 मध्ये मरेपर्यंत पदावर होते!

फार आवळलं की पळवाटाही निघतात. अलाबामात 1966 साली गव्हर्नर जॉर्ज वॉलेसना पुन्हा उभं राहता येईना, तर त्यांनी पत्नी लर्लीनना निवडून आणलं. 1997 चं बिहार पाहिलेल्या आपल्याला त्यात काय नवल! दोनच वर्षांत अलाबामाने सलग दोन टर्मची मुभा दिली.

व्हर्जिनियात असा बदल करायचा तर विधिमंडळात दोनदा मंजुरी, मध्ये एक निवडणूक, मग जनमत. कधी मतपत्रिकेवर आलाच, तर जुन्या शेजाऱ्यांना मी दबक्या आवाजात ‘हो म्हणा’ सांगेन. बाकी ज्याचं मत त्याचं.

आमचं ते सॉफ्टवेअर तिसऱ्या गव्हर्नरच्या काळात सुरू झालं, असं परवा कळलं.