बाबांसाठी घड्याळ की फायबरचा पट्टा?

बाबा ७४ चे, रोज सकाळी बडोद्यात दांडिया बाजारातून सुरसागर तलावाला चक्कर मारून येतात, पण रात्री झोपेत श्वास मध्येच अडकतो, म्हणून मी मनगटावरचं स्मार्टवॉच आणि छातीवर बांधायचा फायबर ऑप्टिक पट्टा दोन्ही नीट समजून घेतलं.

वॉच त्वचेवर हिरवा लाइट मारतं आणि परत आलेल्या उजेडावरून रक्ताचा चढउतार बघतं. नाडीसाठी मस्त. पण हात हलला की आकडा बिघडतो, आणि बाबांचं मनगट इतकं बारीक झालंय की शेवटच्या भोकात अडकवूनही घड्याळ फिरतंच. श्वासाचा तर ते अंदाजच काढतं.

फायबरचं वेगळंय. काचेचा केसासारखा धागा, १२५ मायक्रॉन जाडीचा, त्यात ब्रॅग ग्रेटिंग (आत कोरलेल्या बारीक रेघांची जाळी) असतं जे ठरावीक वेव्हलेंग्थचाच प्रकाश परत पाठवतं, छाती फुगली की धागा ताणला जातो आणि ती वेव्हलेंग्थ सरकते, १५५० नॅनोमीटरजवळ एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीच्या दहा लाखाव्या भागाइतक्या ताणाला) साधारण १.२ पिकोमीटर, म्हणजे छातीची हालचाल थेट दिसते! धाग्यात वीज नाही, म्हणून एमआरआयमध्येही चालतो. पण हे इतकंसं सरकणं वाचणारं इंटरॉगेटर यंत्र फार महाग, घरी कुठून आणणार. प्लास्टिक फायबरचे पट्टे स्वस्तात बनतात, एलईडीवर चालतात, पण त्यातले बरेच नुसता कमीजास्त होणारा उजेड मोजतात, त्यामुळे एलईडी मंद झाला तरी रीडिंग हलतं.

श्वासासाठी मला फायबरच पटलं. तरी सध्या चालण्या-नाडीसाठी वॉच घेतलंय, आणि झोपेच्या तपासणीसाठी बाबांना मंगळवारी डॉक्टरांकडे नेतेय.