'साउंड आयसी गेलाय' असं सांगून घेतले जाणारे पैसे

लॅपटॉपचा आवाज बारीक झाला की काउंटरवरचं वाक्य ठरलेलं असतं: "साउंड आयसी गेलाय, रिबॉलिंग करावं लागेल, मशीन ठेवून जा." संध्याकाळी आवाज खणखणीत येतो आणि हातात दोन-अडीच हजारांची पावती पडते. अनेकदा मागचे स्क्रू हललेलेही नसतात, फक्त विंडोजमधली एक सेटिंग बदललेली असते.

ही थाप शब्दांतच उघडी पडते. रिबॉलिंग म्हणजे चिपखालचे कथिलाचे बारीक गोळे काढून नवे बसवणं, म्हणजे ते होतं तसे गोळे असलेल्या चिपचंच. बहुतेक लॅपटॉपमधला रिअलटेक कंपनीचा ऑडिओ कोडेक, म्हणजे हाच साउंड आयसी, तसा नसतोच, त्याचे संपर्क चिपच्या कडेला असतात. त्यामुळे साउंड आयसीचं 'रिबॉलिंग' ऐकलं की मशीन उचलून घरी यावं.

दुसरी थाप 'स्पीकर गेले, जोडी बदलू' ही. स्पीकर आणि हेडफोन हे वेगळे भाग आहेत. दोन्हींत आवाज सारखाच कमी येत असेल, तर स्पीकर बदलून काय होणार? शिवाय स्पीकरची कॉइल तुटली तर तो मुका होतो, पडदा फाटला तर खरखरतो. नुसता दबका आवाज असेल, तर आधी खालच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढा आणि लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा. या नावाखाली चांगले मूळ स्पीकर काढून स्वस्तातले बसवले जातात, ते नुकसान वेगळंच.

दोन्हीकडे आवाज कमी असेल, तर आधी टास्कबारवरच्या स्पीकरवर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा. प्रत्येक ॲपची पट्टी वेगळी असते आणि हेडफोन-स्पीकरची पातळीही विंडोज वेगवेगळी लक्षात ठेवतं. मग कंट्रोल पॅनेलमधल्या साउंडच्या 'कम्युनिकेशन्स' टॅबवर जा. तिथे मूळ निवड इतर आवाज 80 टक्क्यांनी कमी करण्याची असते. मीटिंगचं ॲप मागे चालू राहिलं की गाणी-व्हिडिओ दबतात आणि लोक दुकान गाठतात. तिथे 'डू नथिंग' निवडा. त्याच साउंड खिडकीत स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' दिसलं तर तेही लावून पाहा. ड्रायव्हरनुसार ते कुठे असतं, कुठे नसतं.

अपडेटनंतर आवाज पडला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑडिओ ड्रायव्हरच्या (आवाजाचा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) प्रॉपर्टीजमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. ते बटण फिकं असेल तर कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा, तो फुकट असतो. 'ड्रायव्हर अपडेटर'चे पैसे भरू नका.

हेडफोनमध्ये गाण्यातला गायक गायब आणि वाद्यं पोकळ ऐकू येत असतील, तर पिन पूर्ण बसलेली नाही, ग्राउंड (दोन्ही कानांची सामाईक तार) जोडला जात नाही. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने जॅकमधला कचरा हलक्या हाताने काढा. 250 ओहमचे स्टुडिओ हेडफोन मात्र लॅपटॉपवर हळूच वाजणार, त्यांना आवाज वाढवणारा वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) लागतो.

तरी शंका उरली, तर 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून, इन्स्टॉल न करता त्यावरून मशीन सुरू करा. तिथे आवाज मोठा आला तर हार्डवेअर शाबूत. उलटं मात्र सिद्ध होत नाही, कारण नव्या मॉडेलांवर लिनक्सचाच ड्रायव्हर कमी पडू शकतो.

सर्वांत महाग पडतो तो सर्चमध्ये सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर. पलीकडचा माणूस स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावतो, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या नोंदवहीतल्या) लाल खुणा 'व्हायरस' म्हणून दाखवतो. तशा खुणा धडधाकट मशीनवरही असतात. बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. दुकानदाराची तक्रार ग्राहक हेल्पलाइन 1915 वर होते. त्यासाठी पावतीवर बदललेल्या भागाचं नाव लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा.