गोव्याला जाताना पोटासाठी कुठं थांबायचं, बेळगाव की सावंतवाडी?

पुण्याहून गाडीनं गोव्याला जायचं ठरलं की बेळगाववरून चोर्ला घाटानं की सावंतवाडीवरून आंबोली घाटानं हा वाद ठरलेला. सगळे टोल, किलोमीटर आणि खड्डे मोजत बसतात, मधल्या बाजारात उतरून खायला काय मिळतं ते कोणी बघत नाही. मी दोन्हीकडून पाच-सहा वेळा तरी गेलोय, म्हणून आपलं माझ्यापुरतं सांगतो.

बाजार म्हणून बेळगाव मोठं, त्यात वादच नाही. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली असं एकातून दुसरीत शिरत गेलं की तास कधी गेला कळत नाही, फक्त गाडी लांबच लावा, त्या गर्दीत आत घातलीत तर मग तुमचं तुम्ही बघा. कुंदा घ्यायचाच, दूध आटवून आटवून तपकिरी झालेला, थोडा खरपूस वास येणारा. मांडे दिसले तर तेही घ्या पण गाडीत मांडीवर धरायला माणूस हवा, नाहीतर घरी चुरा पोचतो. दुकानात 'चव बघा की' म्हणत हातावर तुकडा ठेवतात आणि आपण पाव किलोच्या जागी अर्धा घेऊन बाहेर पडतो. बरोबर शाकाहारी मंडळी असतील तर बेळगाव जास्त सोयीचं, हे मान्य करायलाच पाहिजे.

सावंतवाडी त्यामानानं छोटी. मोती तलाव, चितारआळीतली लाकडी खेळणी हे सगळ्यांना माहितीये, पण खरी मजा रस्त्याकडेला वाटे मांडून बसलेल्या बायकांकडे. आमसुलं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ, सीझन असेल तर ओले काजूगर, पावसाळ्यात टाकळा नि चिबूड. 'खंयसून इलात?' एवढं विचारतात, आपण पुणे म्हटलं की भाव काही कमी होत नाही, पण वाट्यावर मूठभर जास्त पडतं. मग एखाद्या साध्या खानावळीत बांगड्याचं नाहीतर सुरमईचं ताट, आणि सोलकढी दुसऱ्यांदा मागायला लाजायचं नाही. एक कटकट आहे, दुपारी एकनंतर बरीच दुकानं शटर ओढून घेतात ते चारपर्यंत उघडत नाहीत, त्यामुळे पुण्यातून पहाटे साडेचारला निघालं नाही तर जेवण मिळेल, बाजार नाही.

पण माझ्यासाठी हे सगळं नंतरचं. आमचं ठरलं ते घाटामुळे. बेळगाव घाटाच्या आधी लागतं. एकदा पोरानं तिथं पुऱ्या खाल्ल्या, वर कुंदा हाणला, आम्हीही कौतुकानं खाऊ दिला, आणि जांबोटी सोडून कणकुंबीच्या पुढं वळणं सुरू झाली तसा तो गप्प गप्प होत गेला, मी म्हटलं झोपला असेल, तर नाही, चोर्ल्याच्या ऐन वळणावर सगळं मागच्या सीटवर. पुढचे चार दिवस गोव्यात काचा उघड्या ठेवून फिरलो, एसी लावायची सोय नाही. आंबोलीनं गेलं की आधी घाट उतरायचा आणि मग सावंतवाडीत जेवायचं, पुढं बांदा, पत्रादेवी करत रस्ता तसा सरळ, पोटात मासे निवांत राहतात. कोल्हापुरात मिसळीचा मोह तेवढा आवरायचा, इडलीवर भागवायचं.

तुमच्याकडे गाडी लागणारं कोणी नसेल तर बेळगावला थांबा की, वाईट काहीच नाही. आम्ही मात्र जाताना सावंतवाडीच.

येताना गणित उलटं होतं, घाट आधी नि बेळगाव नंतर, शिवाय बायकोला कुंदा लागतोच, म्हणून परत येतो ते चोर्ल्यानं. डबा तेवढा डिकीत टाकायचा, पुण्याला पोचेपर्यंत कोणी उघडायचा नाही.