एचडीएमआयची वायर काढली आणि पंखा शांत झाला : दोन मॉनिटर, एक लॅपटॉप, अकरा महिने

मी घरून डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावते. पुस्तकं, संस्थांच्या स्मरणिका, आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दिवाळी अंक. गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून माझं टेबल आणि तिथून चार हातांवर सासूबाईंची कॉट. लॅपटॉपच्या पंख्याबद्दल एवढं लांबलचक का लिहावंसं वाटलं, ते यातच आलं.

लॅपटॉप गेल्या मार्चमध्ये घेतला. १५.६ इंची, बाराव्या पिढीचा आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, प्रोसेसरमधलं स्वतःचं ग्राफिक्स (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) आणि शिवाय ४ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या बांधणीचे लॅपटॉप बऱ्याच कंपन्या विकतात आणि पुढे जे सांगणार आहे ते त्यातल्या पुष्कळांना लागू पडतं. वेगळं कार्ड मी दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतलं. डिझाइनचं काम म्हणजे कार्ड हवंच, असं तो म्हणाला. आज विचाराल तर मजकुराची पानं लावणाऱ्याला त्याची गरज नाही. इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये मराठी मजकूर ओतणं, पानं पाडणं, पीडीएफ काढणं यात बहुतेक भार प्रोसेसरवर येतो.

मार्च ते मे काही तक्रार नव्हती. मेच्या उकाड्यातसुद्धा पंखा क्वचित ऐकू यायचा. जूनमध्ये २४ इंची मॉनिटर घेतला, तो उभा फिरवला आणि एचडीएमआयला, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणाऱ्या पोर्टाला, जोडला. उभ्या मॉनिटरवर अंकाचं पान वरपासून खालपर्यंत एका नजरेत येतं. ओळीच्या शेवटी चुकीचा तुटलेला शब्द, परिच्छेदाची एकटी पडलेली शेवटची ओळ, कुठे सुटलेला रफार हे झूम न करता दिसतं. इतकी वर्षं याच्याशिवाय काम कसं केलं, असं वाटलं. त्याच आठवड्यात पंख्याचा आवाज सुरू झाला. पाऊस लांबला होता, हवा दमट होती, मी सगळा दोष उकाड्याला दिला.

आवाज एका सुरात असता तर कान त्याला सरावले असते. पण तो चढायचा, वीसेक सेकंद घोंघावायचा, उतरायचा आणि मिनिटाभरात पुन्हा चढायचा. पंखा ठरावीक तापमानाला वेग वाढवतो आणि त्याच्या थोडं खाली आलं की कमी करतो. चिप नेमकी त्या सीमेवर असली की असा लपंडाव सुरू होतो. रात्री दीड वाजता प्रूफच्या दुरुस्त्या करताना सासूबाई कुशीवर वळून म्हणाल्या, "अगं, ते मिक्सर जरा थांबव ना." त्यांना झोपेत खरंच तसं वाटलं होतं. मी लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत ओट्यावर नेला आणि मॉनिटरशिवाय काम करत बसले. तिथे तो पाच मिनिटांत गप्प झाला. उत्तर तेव्हाच समोर होतं, मला दिसलं नाही.

ऑगस्टमध्ये दोन गोष्टी केल्या, दोन्ही वाया गेल्या. पहिली, सर्व्हिस सेंटर. दोन दिवस ठेवून घेतला आणि टेस्टिंगमध्ये आवाज येत नाही म्हणून परत दिला. विचारल्यावर कळलं, त्यांनी मॉनिटर जोडलाच नव्हता. जोडून बघा म्हटलं, तर मॉनिटर आमचा नाही, आणि मॅडम, कार्डवाला लॅपटॉप आवाज करणारच, असं उत्तर मिळालं. माझं गाऱ्हाणं लॅपटॉप खराब असल्याचं नव्हतं. मॉनिटर लावल्यावर काय होतं ते एकदा लावून बघा, एवढीच विनंती होती. ती मला आजही रास्त वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे दुसरा मॉनिटर, मूळ मजकुरासाठी. लॅपटॉपला एचडीएमआय एकच, म्हणून यूएसबीवर चालणारा एक डॉक, म्हणजे जादा पोर्ट देणारा डबा, घेतला, जवळजवळ सहा हजारांचा. त्याचा स्वतःचा ड्रायव्हर टाकावा लागतो. हे आगीतून फुफाट्यात पडणं होतं. अशा डॉकमध्ये चित्र थेट तारेतून जात नाही. पडद्यावर जे बदलतं ते प्रोसेसर आधी दाबून लहान करतो, मग यूएसबीतून पाठवतो आणि डॉकमधली चिप ते उलगडते. लांबलचक मजकूर सरकवला की प्रोसेसरवरचा भार वाढायचा. ज्यांच्या लॅपटॉपला दुसरा मार्गच नाही त्यांच्यासाठी हे डॉक ठीक आहेत. पंख्याच्या आवाजाला वैतागून तो कोणी घेऊ नये.

सप्टेंबरअखेर, ऑक्टोबर हीट सुरू होताना, मी वही घेऊन आकडे लिहायला बसले. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे प्रोग्राम फुकट मिळतं. एक अंक उघडलेला, हात कशालाही लावलेला नाही, खोलीत साधारण ३१ अंश. मॉनिटर नसताना प्रोसेसर ४७ अंशांवर, वेगळं कार्ड बंद. एचडीएमआयची वायर घातली आणि दहा मिनिटांनी पाहिलं : प्रोसेसर ६४, कार्ड ५८, आणि कार्ड एकटं ११ ते १२ वॉट खात होतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, जिथे कशावर किती भार आहे ते दिसतं, मात्र कार्डावरचा भार एक टक्का. काही काम नसताना ते जागं होतं.

याचं कारण समजायला मला दोन रात्री लागल्या. दोन ग्राफिक्सचे लॅपटॉप एका जुन्या युक्तीवर चालतात. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस या नावाने ती आणली : रोजचा पडदा प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्स रंगवतं, आणि मोठं कार्ड गरज पडेपर्यंत झोपून राहतं. पण बोर्डावर कुठला पोर्ट कुठल्या चिपला जोडायचा हे कंपनी ठरवते. माझ्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट थेट मोठ्या कार्डाला जोडलेला आहे. त्यात मॉनिटर लावला की कार्डाला झोपता येत नाही, मग पडद्यावर कोरं पान का असेना. एकट्या गिऱ्हाइकाच्या कटिंगसाठी अख्खी भट्टी पेटती ठेवावी, तसं. वर आणखी एक. आतमध्ये प्रोसेसर आणि कार्ड यांची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या दोघांत मिळून आहेत, त्यामुळे कार्डाचे ते १२ वॉट प्रोसेसरलाही तापवतात.

तुमच्याकडे काय आहे ते बघायला लॅपटॉप उघडावा लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग अॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. वर मॉनिटर निवडा, तो कुठल्या ग्राफिक्सला जोडला आहे ते खाली लिहिलेलं असतं. तिथे माझ्या उभ्या मॉनिटरसमोर मोठ्या कार्डाचं नाव होतं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये सराउंड आणि फिजएक्सच्या पानावर पोर्टांचं चित्रच मिळतं, कुठली रेघ कुठे जाते ते दाखवणारं.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडला गेले, घरापासून चालत. यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच मॉनिटरचा दुसरा जोड) वायर मागितली तर दुकानातल्या पोराने आधी लॅपटॉप दाखवा म्हटलं. त्याने मोबाइलचा टॉर्च मारून यूएसबी-सी पोर्टाच्या शेजारचं बारीक चिन्ह पाहिलं, डी आणि पी एकात गुंफलेलं. "हे आहे, मग चित्र येणार. नुसतं चार्जिंगचं किंवा नुसतं यूएसबीचं चिन्ह असतं तर खात्री देता आली नसती," म्हणाला. बाणासारखी वीज म्हणजे थंडरबोल्ट, त्यातूनही चित्र येतं. पण प्लग किंवा बॅटरीचं चिन्ह असलं तर तेवढ्यावर विसंबू नये. आणि पोर्टाला फक्त चार्जिंग आणि डेटा असेल तर कितीही महाग वायर घ्या, पडदा काळाच राहतो. त्याने तिथेच दुकानातला मॉनिटर लावून दाखवला. अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये पाहिलं, प्रोसेसरच्या ग्राफिक्सचं नाव आलं होतं. दोन मॉनिटर एकाच यूएसबी-सीवर हवे होते म्हणून एमएसटी प्रकारचा छोटा हब घेतला, एका डिस्प्लेपोर्टातून दोन पडदे वेगवेगळे चालवणारा. हबचे साडेतीन हजार गेले. फुल एचडीचे दोन मॉनिटर यावर आरामात चालतात. दोन फोर-के असतील तर ६० हर्ट्झचा रिफ्रेश रेट (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणं) मिळेलच असं नाही, दुकानातच जोडून बघा.

घरी येऊन तेच आकडे पुन्हा लिहिले. दोन्ही मॉनिटर जोडलेले, तोच अंक उघडा, खोली ३२ अंश : प्रोसेसर ५०, कार्ड बंद. पंखा सुरू होता, पण कान पंख्याजवळ नेल्यावर कळेल एवढाच. त्या रात्री मी अडीचपर्यंत जाहिरातींची पानं लावली. सासूबाई उठल्या नाहीत.

बाकीचे उपाय यापुढे किरकोळ आहेत, तरी केले. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा १४४ हर्ट्झवर होता, तो ६०वर आणला. पानं लावताना फरक दिसत नाही आणि दोनेक अंश वाचतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की इंटेलचा टर्बो, म्हणजे प्रोसेसरने गरजेला स्वतःचा वेग चढवणं, थांबतो. हे फक्त रात्री करते, कारण मोठ्या अंकाची पीडीएफ निघायला चाळीस सेकंदांऐवजी मिनिटावर वेळ लागतो. मागच्या दोन रबरी पायांखाली बाटलीची झाकणं ठेवली, तीन अंश. त्याआधी घेतलेल्या कूलिंग पॅडनेही साधारण तेवढेच मिळाले होते आणि त्याचा आवाज वेगळा. झाकणं ठेवा. लॅपटॉप मिटून मॉनिटरवर काम करायची सवय मात्र मी सोडली. माझ्या लॅपटॉपची गरम हवा बिजागरीकडून निघते, पडदा मिटला की तिला अडथळा होतो. आता पडदा उघडा ठेवते आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधून तो नुसता बंद करते.

मुंबईच्या हवेबद्दल थोडं. टेबल फॅन लॅपटॉपवर सोडा, असा सल्ला मला कितीतरी जणांनी दिला. फॅनसमोर आपल्याला गार वाटतं ते घाम उडतो म्हणून. चिपला घाम येत नाही. कितीही वारा मारला तरी ती खोलीपेक्षा गार होणार नाही. खोली पाच अंशांनी तापली की आतलं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं, म्हणून दिल्लीतल्या जानेवारीतले कोणाचे आकडे बघून आपल्या ऑक्टोबरची तुलना करू नये. दमटपणाचा त्रास वेगळ्या वाटेने होतो. धूळ ओलसर होऊन चिकटते. डिसेंबरमध्ये लॅपटॉप उघडून साफ करून घेतला तेव्हा मी समोर उभी होते. पंख्याच्या तोंडाशी जिथे धातूच्या बारीक पट्ट्या असतात, तिथून साफ करणाऱ्याने चिमट्याने करडा थर काढला. कापडाच्या चिंधीसारखा तो एकसंध निघाला. नऊ महिन्यांचा. शेजारच्या दोन इमारतींचं पुनर्विकासाचं काम चालू आहे आणि चौपाटी दहा मिनिटांवर, हवेत धूळही आहे आणि खारही. इथे राहणाऱ्याने वर्षातून एकदा तरी साफसफाई करावी. मला त्याने आणखी चार अंश मिळाले. वॉरंटी असेल तर उघडण्याआधी अटी वाचा, मी वाचल्या होत्या.

लॅपटॉप दिवसभर चार्जरवर असतो, म्हणून कंपनीच्या प्रोग्राममधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलं आहे. भरलेली बॅटरी आणि उष्णता ही जोडी लिथियम बॅटरीला लवकर म्हातारी करते.

आता हे कोणाला उपयोगी नाही. काही लॅपटॉपमध्ये यूएसबी-सीसुद्धा मोठ्या कार्डालाच जोडलेला असतो, तिथे पोर्ट बदलून काही होणार नाही. फार तर रिफ्रेश रेट कमी करा आणि टर्बो बंद ठेवा. थ्रीडी किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्याला कार्ड जागंच लागतं. इंटेलवर चालणारे, दोन ग्राफिक्सचे जुने मॅकबुक प्रो बाहेरचा मॉनिटर लावला की मोठं कार्ड वापरतातच, हे अॅपलनेही सांगितलेलं आहे. तिथे वायर बदलून फायदा नाही. शिवाय मॅकवर एमएसटी हबमधून दोन वेगळे पडदे मिळत नाहीत, दोन्हींवर एकच चित्र येतं. मॅकवाल्यांनी माझा हब घेऊ नये.

माझ्याकडेही सगळं सुरळीत आहे असं नाही. लॅपटॉप झोपेतून उठला की आठवड्यातून एखादवेळी उभा मॉनिटर जागा होत नाही. हबची वायर काढून परत घालावी लागते. मोठी पीडीएफ काढताना पंखा अजूनही जोरात फिरतो, पण ते मिनिटभर आणि कामासाठी, त्याचा मला राग येत नाही. आणि इनडिझाइनने एकदा अपडेटनंतर स्वतःहून मोठं कार्ड पकडलं होतं. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली ग्राफिक्सच्या यादीत जाऊन त्याला पॉवर सेव्हिंगवर टाकलं, तेव्हा कार्ड पुन्हा झोपलं. पंखा अचानक बोलायला लागला तर आधी ही यादी बघा.

सहा हजारांचा डॉक विकून टाकला. ज्याला विकला त्याचा लॅपटॉप एकच ग्राफिक्सचा, पोर्टही एकच. त्याला तो का हवा होता हे विचारून, मग दिला.

उन्हाळा मॉनिटरसह अजून काढायचा आहे. गेल्या मेमध्ये ते नव्हतेच. यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता, दोन्ही मॉनिटर लावून तेच आकडे पुन्हा घेणार आहे. वहीत त्यासाठी रकाना आखून ठेवला आहे.