नोकरांची ‘लाय डिटेक्टर टेस्ट’ करून देणारे एक्स्पर्ट: ८५,४१० रुपये गेले

हिशेब आधी देतो. गोडाऊनमधला चोर शोधायला ११ नोकरांची चाचणी, माणशी ४,५०० प्रमाणे ४९,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ८,९१०. ‘मुंबईहून मशीन आणण्याचा खर्च’ १२,०००. आणि शेवटी ‘कोर्टात चालणारं सर्टिफिकेट’ म्हणून १५,०००. एकूण ८५,४१०. बिलावर जीएसटी नंबरच नाही, म्हणजे ते ८,९१० सरकारजमा झालेले नाहीत, सरळ त्या एक्स्पर्टच्या खिशात गेले. गोडाऊनमधून चोरीला गेलेली वेलची १,३६,००० ची. ती मिळाली नाहीच, वर हा भुर्दंड.

नागपूरच्या इतवारी, गांधीबाग, मस्कासाथ या भागात हे लोक फिरताहेत, म्हणून लिहितोय. नाव टाकून उपयोग नाही, लेटरहेड बदलायला त्यांना एक दिवस पुरतो. माल गेल्याची कुजबुज बाजारात झाली की चार दिवसांत यांचा फोन कसा येतो, हे बाजारातल्या माणसाला सांगायला नको.

आणि ‘कागद तरी बघायचे होते’ हे आता कोणी सांगू नका. कागद मागितले होते, त्याने दिलेही. गुमास्ता म्हणजे दुकानाचा परवाना होता, उद्यम ही लघुउद्योगाची नोंदणी होती, अशोकस्तंभासारखं काहीतरी छापलेलं ओळखपत्र होतं. गुमास्ता पानटपरीलाही मिळतो. उद्यम नोंदणी फुकट आणि स्वतःच भरलेल्या माहितीवर होते. खासगी डिटेक्टिव्हसाठी देशात वेगळा परवानाच नाही. २००७ साली त्यासाठी विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे ‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह’ असं जिथे लिहिलंय तिथेच खोटेपणाची सुरुवात झाली. हे व्यापाऱ्याला कुठून माहीत असणार? आम्ही एफएसएसएआयचा नंबर तपासू शकतो, वजनकाट्याचा शिक्का तपासू शकतो. खोटं पकडायच्या मशीनवर कुठला शिक्का बघायचा?

मात्र एका क्षणी सगळं डोळ्यांसमोर होतं. तिसरा माणूस बसला होता. बोटाला चिमटा लावलेला, तसाच जो दवाखान्यात ऑक्सिजन बघायला लावतात. त्याची वायर लॅपटॉपला. लॅपटॉपवर लाल, निळी, हिरवी अशा तीन रेघा पळताहेत. हमालाच्या बोटांना घाम, चिमटा सटकला आणि टेबलावर पडला. रेघा पळतच राहिल्या. तशाच वरखाली, त्याच तालात. टेबलाला नाडी असते का? विचारलं तर म्हणाला, ‘भाऊ, ते बफरिंग आहे, पाच सेकंद मागचा डेटा दिसतो.’ पाच सेकंद झाले, दहा झाले, रेघा चालूच. तिथेच लॅपटॉप बंद करायला हवा होता. पण तोवर ७०,४१० दिलेले होते, माणसं रांगेत होती, आणि असं काही बोललो तर नोकरांसमोर आपलीच शोभा होईल असं वाटलं. हे भामटे याच लाजेवर जगतात.

मुळात चिमटा एकच होता, हीच खूण पुरेशी होती. खऱ्या पॉलिग्राफला, म्हणजे लाय डिटेक्टर मशीनला, किमान तीन गोष्टी एकाच वेळी मोजाव्या लागतात. श्वासासाठी दोन ताणणाऱ्या नळ्या, एक छातीवर आणि एक पोटावर. दंडाला ब्लड प्रेशरचा पट्टा, साधारण ६० ते ७० मिलिमीटर दाबावर फुगवलेला, म्हणजे नाडीचा ठोका आणि दाबातला चढउतार दोन्ही कळतात. हात बधिर होतो, काळानिळा पडायला लागतो, म्हणून तो पट्टा पाचेक मिनिटांच्या चार्टनंतर, म्हणजे प्रश्नांच्या एका फेरीनंतर, सोडावा लागतो. तिसरं, दोन बोटांवर दोन पट्ट्या, ज्यांतून अगदी बारीक विद्युतप्रवाह सोडून तळहाताला किती घाम आला ते बघतात. हल्ली बुडाखाली एक गादीही ठेवतात, माणूस मुद्दाम चुळबूळ करतो का, पाय दाबतो का, हे टिपायला. आमच्याकडे यातलं बोटाच्या चिमट्याशिवाय काहीही नव्हतं, आणि ऑक्सिजनच्या चिमट्याला घाम कळतच नाही.

दुसरी खूण वेळ. त्याने ११ जण एका दिवसात उरकले. खऱ्या चाचणीला एका माणसाला दोन ते तीन तास लागतात, आणि त्यातला मोठा भाग मशीन लावण्याआधीच जातो. आधी मुलाखत. रात्री झोप झाली का, कुठली गोळी चालू आहे, हृदयाचा त्रास आहे का. मग विचारायचा प्रत्येक प्रश्न आधी वाचून दाखवायचा. अचानक विचारलेल्या प्रश्नाने कोणीही दचकतो आणि ते दचकणं खोट्यासारखंच दिसतं. प्रश्न ‘हो-नाही’चेच असतात. दोन प्रश्नांत २० ते २५ सेकंद सोडायचे, कारण घामाची प्रतिक्रिया प्रश्नानंतर एक ते तीन सेकंदांनी सुरू होते आणि रेघ मूळ जागी यायला वेळ घेते. तीच प्रश्नमाला किमान तीन वेळा फिरवायची. आमचा एक्स्पर्ट ‘चोरी केली का? कोणी केली? किती पेट्या गेल्या?’ असं एका दमात विचारत होता. ‘किती’ला हो म्हणायचं की नाही?

तिसरी खूण आपल्या नागपूरची. मे महिना, गोडाऊनचा पोटमाळा, समोर कूलर. तळहाताचा घाम मनावरच्या ताणाने येतो, पण ४४-४५ अंशांत उकाड्यानेही येतो, आणि कूलरच्या दमट हवेत तो वाळत नाही. आधीच ओल्या हातावर ताणाचा घाम वेगळा कसा दिसणार? म्हणून खरी चाचणी स्थिर तापमानाच्या, शांत, बंद खोलीत घेतात. आमच्याकडे खाली हातगाड्या आणि हमालांची हाळी.

पत्त्यांचाही खेळ केला. पाचांतला एक पत्ता मनात धरा, मशीन ओळखेल. ओळखला. लोक चाट पडले. खरे परीक्षकही सुरुवातीला अशी आकड्याची चाचणी घेतात. त्यात मशीन जुळवणं असतंच, पण ‘हिच्यापुढे काही लपत नाही’ हे समोरच्याच्या डोक्यात बसवणं हाही हेतू असतो. निम्मं काम ती धास्तीच करते. घाबरून कोणी कबूल झाला तर श्रेय मशीनला. आमच्या इथे पत्ते त्याचे, पिसणारा तोच, हात बघणारं कोणी नाही.

आता अहवाल. गुळगुळीत कागद, स्पायरल बाइंडिंग, आणि एका हमालाच्या नावापुढे ‘८१ टक्के खोटं’. खरा परीक्षक निष्कर्ष तीनच प्रकारचे देतो: फसवणुकीची लक्षणं दिसली, दिसली नाहीत, किंवा काही सांगता येत नाही. त्यासोबत चार्ट असतात, प्रत्येक प्रश्नाचे गुण असतात, दुसरा परीक्षक ते पुन्हा तपासू शकतो. आम्ही चार्ट मागितले तर ‘ते गोपनीय असतात’. ज्याच्या कामगारांची चाचणी, ज्याचे पैसे, त्यालाच गोपनीय! वर चौघांचा निकाल ‘अस्पष्ट’, त्यांची रिटेस्ट माणशी २,५००. तेव्हा कुठे दिवाणजींनी हात आखडला.

पण खरी मशीन आणली असती तर चोर सापडला असता, असंही समजू नका. ती मशीन खोटं मोजत नाही. श्वास, दाब, घाम मोजते. खोट्याची म्हणून वेगळी अशी शरीराची खूण अजून कोणाला सापडलेली नाही. भीती, राग, अपमान, सगळ्यांची रेघ तशीच वर जाते. १९२१ साली कॅलिफोर्नियात बर्कलेच्या पोलिसांत जॉन लार्सनने ती जुळवली, त्याला १०० वर्षं उलटून गेली, तरी हा मूळ दोष जागचा हललेला नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००३ साली याचा मोठा आढावा घेतला. विशिष्ट घटनेबद्दल विचारलं तर निकाल नाणेफेकीपेक्षा बराच चांगला, पण अचूकतेपासून खूप लांब; आणि सरसकट सगळ्या नोकरांना चाळण लावायला तर नाहीच. त्यांनी उदाहरण दिलंय: १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर, त्यातले ८ पकडायचे असतील तर सोबत सुमारे १,६०० निर्दोष अडकतात. हाच हिशेब आमच्या ११ जणांना लावा. त्यांत एक चोर आहे असं मानलं तर दहा निर्दोषांतले एकदोन नाहक बदनाम, आणि चोर सुटायची शक्यता पाचात एक. एवढ्यासाठी ८५,४१० रुपये!

सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेतला ऑल्ड्रिच एम्स रशियनांना गुपितं विकत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्या पास झाला होता. शिवाय रक्तदाबाची काही औषधं नाडीच मंद ठेवतात. जीभ चावणं, पायाचा अंगठा दाबणं, मनात पाढे म्हणणं, यानेही रेघा बिघडवता येतात. अमेरिकेने तर १९८८ सालीच कायदा करून बहुतेक खासगी मालकांना नोकरांवर ही चाचणी लादायला बंदी घातली. ‘परदेशात सगळ्या कंपन्या करतात’ असं आमचा एक्स्पर्ट सांगत होता. साफ थाप.

‘कोर्टात चालणारं’ ही तर १५,००० ची थाप. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात स्पष्ट म्हटलंय की संमतीशिवाय पॉलिग्राफ करता येत नाही, आणि संमतीने केली तरी तिचा निकाल थेट पुरावा होत नाही. मानवाधिकार आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वं पाळायची: वकील भेटू द्यायचा, संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची. संमतीने केलेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती वस्तू पुराव्यात येऊ शकते, एवढंच. पोटमाळ्यावर कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा म्हणजे संमती नाही. त्या कागदाने उलट मालकच अडकतो.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: ‘तुम्हीच बोलावलं, तुम्हीच पैसे दिले, आता आम्ही काय करू जी?’ दुसरं: ‘हा दिवाणी मामला आहे.’ नसलेली मशीन दाखवून, खोटा जीएसटी लावून पैसे घेणं दिवाणी? मग फौजदारी काय असतं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला तर तिथे प्रश्न, ओटीपी दिला का, लिंक उघडली का? नाही? मग पैसे तुम्ही राजीखुशीने पाठवले. बँकेचंही तेच, ‘व्यवहार ग्राहकाने स्वतः केलेला आहे.’ ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं की सेवा धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही. सरकारी प्रयोगशाळा खासगी माणसाच्या विनंतीवर मशीन तपासत नाही, प्रकरण पोलिसांकडून किंवा कोर्टाकडून यावं लागतं. म्हणजे पोलीस म्हणणार मशीन खोटी होती याचा पुरावा आणा, आणि तो पुरावा देऊ शकणारे म्हणणार पोलिसांचं पत्र आणा. घाण्याचा बैलसुद्धा निदान तेल काढतो!

फक्त एक प्रश्न ठाण्यात बरोबर विचारला गेला, तोही आमची तक्रार टाळायला: कामगारांची लेखी संमती होती का?

तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज पोस्टाने वरिष्ठांकडे, आणि तिथेही हालचाल नसेल तर मॅजिस्ट्रेटकडे. यूपीआयचा यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर, बिल, कोटेशनचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळ्याचे प्रिंट काढून ठेवा. आमच्या भामट्याने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायला वेळ लावला नाही. जीएसटी नंबर पोर्टलवर मिनिटात तपासता येतो, तो न दिसणाऱ्या बिलावर कर देऊ नका. फोनवर आवाज ऐकून खोटं ओळखणारं ॲप कोणी विकत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका. गोडाऊनला कॅमेरा आणि किल्लीची वही, या दोन गोष्टी ८५,४१० च्या बऱ्याच आत होतात.

आणि ज्याच्या नावापुढे ‘८१ टक्के’ आलं, त्याचा पगार अडवू नका. अशा कागदावरून परस्पर कपात करता येत नाही, त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आमच्याकडचा तो हमाल रक्तदाबाच्या गोळ्या घेत होता. ते त्याला कोणी विचारलंच नाही. तो काम सोडून गेला. त्याचे राहिलेले ९,२०० रुपये घरी पोहोचवले, त्याने घेतले, पण दारात उभं राहूनच.

परवा कळमन्यातल्या एका व्यापाऱ्याने त्याला आलेलं कोटेशन दाखवलं. लेटरहेड नवं, फोन नंबर नवा, ओळखपत्रावरचा फोटो तोच. माणशी आता ५,५०० झालेत. मुंबईहून मशीन आणण्याचे मात्र अजून १२,०००च आहेत.