पाळी नसताना पडलेलं पान: ब्रिजचं नियमपुस्तक टेबलावर किती कामाचं?

जागतिक ब्रिज महासंघाच्या ड्युप्लिकेट ब्रिज (तेच डाव वेगवेगळ्या टेबलांवर खेळवून निकालांची तुलना करायचा स्पर्धा-प्रकार) नियमांची २०१७ ची आवृत्ती महासंघाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते. एकूण नियम ९३. त्यातला पाळी सोडून टाकलेल्या पानांचा भाग, म्हणजे मुख्यतः ५३ ते ५७, प्रत्यक्ष खेळताना किती उपयोगी पडतो एवढंच इथे बघू. न्याय उत्तम आहे, मांडणी मात्र वैताग आणते.

आधी मांडणीच. चुकीच्या डिफेंडरनं (बोली जिंकून खेळणाऱ्या डिक्लेररच्या विरोधातल्या दोघांपैकी एकानं) पहिली उतारी, म्हणजे डावातलं पहिलं पान, उघडी केली की नियम ५४ काढायचा. डिक्लेररनं ती नाकारली तर ५४ वरून ५६ वर जायचं. तिथे जेमतेम एक वाक्य, तेही ५०-डी कडे धाडणारं. खरा मजकूर ५०-डी मध्ये. शिवाय एक महत्त्वाची सवलत ४७-ई मध्ये आहे: ‘पाळी तुमचीच’ असं विरोधकानंच चुकून सांगितल्यामुळे पान पडलं असेल तर ते दंडाशिवाय परत घेता येतं, आणि विरोधकाला ते स्वीकारता येत नाही. घाईत असलेल्या डायरेक्टरकडून (स्पर्धेतल्या पंचाकडून) ही सवलत निसटते ती पुस्तकाच्या रचनेमुळे.

पण डिक्लेररचे पाचही पर्याय एकदा समजले की नियम किती विचारपूर्वक केलाय ते दिसतं. चार खेळाडूंना दिशांची नावं असतात, उत्तर-दक्षिण एकमेकांचे भिडू आणि पूर्व-पश्चिम एकमेकांचे. समजा दक्षिण चार बदाम खेळतोय, म्हणजे बदाम हुकूम धरून दहा हात (चार पानांच्या फेऱ्या) जिंकायची बोली त्याची आहे. उतारी पश्चिमेची, पण पूर्वेनं इस्पिक राजा उघडा टाकला. दक्षिण ती उतारी स्वीकारून डिक्लेरर राहू शकतो. मग उत्तर डमी होतो, म्हणजे आपली पानं टेबलावर उघडी मांडतो (ती डिक्लेररच खेळतो), आणि दुसरं पान दक्षिणेच्या हातातून जातं. किंवा दक्षिण स्वतःचीच पानं मांडून डमी होतो आणि खेळायचं काम उत्तरेकडे जातं. हा पर्याय फारसा कुणी वापरत नाही. पण बोलीत दक्षिणेची पानं आधीच नेमकी सांगून झाली असतील आणि उत्तरेबद्दल विरोधकांना काहीच माहीत नसेल, तर तो फायद्याचा ठरतो. (उत्तर जास्त चांगला खेळाडू असेल तरीही, पण हे कारण मोठ्यानं सांगायचं नसतं.)

उरलेले तीन पर्याय नकाराचे. नाकारल्यावर राजा मोठं पेनल्टी कार्ड होतो, म्हणजे चुकीमुळे टेबलावर उघडं ठेवावं लागणारं पान. दक्षिण पश्चिमेला इस्पिकच उतर म्हणू शकतो, किंवा इस्पिक उतरू नको म्हणू शकतो. या दोन्हींत पूर्वेनं राजा उचलून हातात घ्यायचा, त्याच्यावर पुढे बंधन नाही. मनाई मात्र पश्चिमेकडे उतारी राहील तोवर चालते. त्यानं चौकट एक्क्यानं हात घेतला तर दुसऱ्या हातालाही इस्पिक नाही. ‘मनाई पहिल्या उतारीपुरतीच’ हा गैरसमज बराच पसरलेला आहे. पाचवा पर्याय म्हणजे काहीच न मागणं. मग पश्चिम हवं ते उतरतो, राजा टेबलावर उघडाच राहतो आणि कायदेशीर संधी मिळताच पडलाच पाहिजे. त्याआधी पुन्हा पश्चिमेकडे उतारी गेली तर दक्षिणेला मागणी किंवा मनाई करण्याचा हक्क परत मिळतो.

हे सगळं डमी न पाहता ठरवायचं असतं, आणि इथेच सर्वात जास्त घोळ होतो. पूर्वेचं पान दिसताच उत्साही उत्तर आपली पानं मांडायला लागतो. डिक्लेररला डमीचं एक जरी पान दिसू शकलं असतं, तरी ५४-सी प्रमाणे उतारी स्वीकारावीच लागते. बाकीचे चारही पर्याय गेले. म्हणून भिडूनं हात आवरायचा, कुणीही काही ठरवायचं नाही, आधी डायरेक्टरला बोलवायचं. टेबलावर परस्पर निकाल लावला तर भरपाईचा हक्क जाऊ शकतो.

यावरचा साधा इलाज नियम ४१ मध्येच आहे: पहिली उतारी पालथी करायची. ती चुकीच्या खेळाडूनं केली असली तरी डायरेक्टरच्या सूचनेनं मुकाट परत जाते, पेनल्टी कार्ड होत नाही. हा नियम सर्वात स्वस्त विमा आहे, तरी आळसानं मोडला जातो.

डिक्लेररच्या चुकीसाठीचा नियम ५५ छोटा आणि स्वच्छ आहे. डिक्लेररला पेनल्टी कार्ड नसतं. चुकीच्या बाजूनं उतरलेलं पान कुठलाही डिफेंडर स्वीकारू शकतो. दोघांचं मत वेगळं पडलं तर त्या पानानंतर ज्याची पाळी त्याचं चालतं. कुणीच स्वीकारलं नाही तर योग्य बाजूनं उतारी करायची, आणि ती त्याच रंगाची असण्याची सक्ती नाही. ही सक्ती आहे असं ठासून सांगणारे भेटतात, त्यांच्यासमोर नियमपुस्तकच उघडून ठेवावं. डमीनं चूक होण्याआधी टोकलं तर चालतं. झाल्यावर मात्र डाव संपेपर्यंत गप्प बसायचं, दुसऱ्या कुणी ती दाखवली नसेल तर.

नियम ५७ भिडूच्या आधी पान टाकणाऱ्या डिफेंडरसाठी आहे. त्याचं पान मोठं पेनल्टी कार्ड होतं आणि डिक्लेरर त्याच्या भिडूला चालू रंगाचं सर्वात मोठं किंवा सर्वात लहान पान टाकायला लावू शकतो, नाहीतर एखाद्या दुसऱ्या रंगाची मनाई करू शकतो.

सर्वात अवघड भाग ५०-ई. राजा टेबलावर पडून आहे तोवर तो टाकावाच लागणार हे, आणि त्यावरून कळणारं बाकी सगळं, पश्चिम विचारात घेऊ शकतो. पण मागणी किंवा मनाईनंतर राजा हातात परत गेला, की ‘राजा उतरला म्हणजे राणीही असणार’ हा तर्क त्याला वापरता येत नाही. ही रेषा वाचायला सोपी, राबवायला कठीण. इथे दोन-तीन उदाहरणं दिली असती तर पुस्तक दुप्पट उपयोगी झालं असतं.

क्लबमध्ये डायरेक्टरचं काम करणाऱ्यानं ५० आणि ५४ छापून जवळ ठेवावेत. फक्त ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर खेळणाऱ्यांना या भागाची गरज नाही, तिथे पाळी नसताना पान पडतच नाही. घरच्या रबर ब्रिजसाठी (चौघांनी एकाच टेबलावर खेळायचा साधा प्रकार) हे पुस्तक घेऊ नका. त्याचे नियम वेगळे आहेत, आणि तिथे निकाल द्यायला डायरेक्टर नसतो.